सुनेचे ‘अपराध’, सासूची ‘ऋणे’

नमस्कार ताई,

आम्ही नागपूरचे, सदरला राहतो. घर सी.एन.आय.चं, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं, तीन पिढ्यांपासून. सून वसईची, कॅथलिक. पोरगी चांगली आहे, तक्रार नाही. रोज जेवणाआधी आम्ही प्रभूची, म्हणजे येशूने शिकवलेली, प्रार्थना म्हणतो. सगळं सुरळीत चालतं आणि एका ओळीवर गाडी अडते. मी म्हणते ‘आमची ऋणे आम्हांस सोड’, ती म्हणते ‘आमच्या अपराधांची क्षमा कर’. मी जरा मोठ्यानेच म्हणते, खोटं कशाला सांगू? परवा सहा वर्षांच्या नातवाने विचारलं, ‘आजी, आपण देवाकडून कर्ज काढलं काय?’ त्यावर मुलगा म्हणाला, ‘सगळं भाषांतरच तर आहे, मूळ काय होतं कोणाला माहीत? काहून भांडून राहिल्या तुम्ही?’ आता तो प्रार्थनेला बसतच नाही. त्यात मोबाइलवर कोणीतरी पाठवलं की मराठी बायबलातले शब्द बदलून टाकलेत. तेव्हापासून झोप नाही. नातवाचा बाप्तिस्माही तिकडेच झाला, तेव्हा मी काही बोलले नाही. बरोबर शब्द कोणता ते एकदा सांगून टाका. की पाद्रीसाहेबांना विचारू?

ता.क. माझे वडील काटोलकडचे, कपाशी करायचे. ही ओळ आली की ते जरा थांबायचे.

– एक आजी

नमस्कार आजी,

नातवाच्या नात्यानेच हाक मारते, वयाने आपण बरोबरीच्याच असू.

तुम्हाला एक शब्द हवा आहे आणि माझ्याकडे दोन आहेत. दोन्ही बरोबर. हे मी दोघींना खूश करायला म्हणत नाही. तुमचंच पवित्र शास्त्र उघडा, मत्तय ६:१२ काढा. तिथे ‘ऋणे’ आहे, तुमच्या बाजूने. आता बोट दोन ओळी खाली न्या. १४ व्या वचनात येशू तीच गोष्ट पुन्हा समजावतो आणि तिथे शब्द येतो ‘अपराध’. सुनेचा शब्द तुमच्याच पुस्तकात, तुमच्याच पानावर आहे. मग लूक ११:४ पाहा. तिथे पहिल्या अर्ध्यात ‘पापे’ आहेत आणि दुसऱ्या अर्ध्यात ‘ऋणी’ माणूस आहे. म्हणजे तुमच्या जेवणाच्या टेबलावर जे चाललंय ते लूकच्या एकाच वाक्यात आधीच झालेलं आहे.

असं का झालं ते सांगते, कारण सगळी मेख इथेच आहे. येशू बोलायचा अरामी भाषेत. अरामीत ‘होबा’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ कर्ज, आणि त्याचाच अर्थ पाप. त्या लोकांना त्यात काही चमत्कारिक वाटत नसे. देवाचं देणं चुकवलं की ते पाप, इतकं सरळ. पण येशूची चरित्रं, म्हणजे मत्तय-लूकची शुभवर्तमानं, लिहिली गेली ग्रीकमध्ये, आणि ग्रीक माणसाच्या कानाला कर्ज म्हणजे बाजारातलं कर्ज. मत्तयाने कर्जाचा शब्द तसाच ठेवला. लूकने पहिल्या अर्ध्यात ‘पापे’ असं उलगडून लिहिलं आणि दुसऱ्या अर्ध्यात कर्जाचा शब्द राहू दिला. एका अरामी शब्दाच्या दोन फांद्या ग्रीकमध्येच फुटल्या होत्या. मराठी तेव्हा कुठेच नव्हती, आणि वसई-नागपूर तर नव्हतंच.

आता तुमच्या शब्दाकडे येऊ. ‘ऋण’ मराठीत आलं की त्याच्यामागे आपलं सगळं गोत येतं. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. ही ऋणं फेडायची असतात, कोणी ती ‘सोडा’ म्हणत नाही. कुठल्याही कार्यक्रमाला जा, आभार मानणारा शेवटी म्हणणारच, ‘पाहुण्यांच्या ऋणातच राहणं आम्ही पसंत करू.’ आणि त्याच माणसाने रविवारी चर्चमध्ये म्हणायचं, ‘आमची ऋणे सोड’! मला तर लहानपणी वाटायचं, ऋण इतकी चांगली गोष्ट आहे तर देवाने ते सोडायचं कशाला? तुमच्या नातवाने ‘ऋण’ ऐकलं आणि ‘कर्ज’ विचारलं, म्हणजे भाषांतर त्या पोराने जास्त चांगलं केलं. मत्तयाच्या ग्रीक शब्दात कृतज्ञतेचा गंधही नाही, तिथे रोकडी उधारी आहे. ‘आमचं कर्ज माफ कर’ असं म्हटलं तर विदर्भातल्या कोणालाही अर्थ सांगावा लागणार नाही. २०१९ च्या डिसेंबरात दोन लाखांपर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली ती इथेच, नागपूरच्या अधिवेशनात. फक्त मग प्रार्थना म्हणताना देवाऐवजी मंत्री दिसायला लागतील, ती वेगळी पंचाईत.

पण तुमच्या ओळीतलं एक रत्न तुम्ही पाहिलंच नाही, कारण भांडण नामावर चाललंय आणि रत्न क्रियापदात आहे. ‘सोड.’ मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थच सोडणे, हातून जाऊ देणे असा आहे. जुन्या करारात ‘अनुवाद’ नावाचं एक पुस्तक आहे, त्याच्या १५ व्या अध्यायात दर सातव्या वर्षी इस्राएलातल्या सावकाराने कर्ज सोडून द्यायचं असा नियम आहे. त्या सोडण्यासाठी जुन्या ग्रीक भाषांतरात जो शब्द आहे, तो याच क्रियापदापासून आलेला. ‘क्षमा’ हा शब्द मोठा आहे, पण त्याच्या मुळाशी सहन करणं आहे. आपण पृथ्वीला क्षमा म्हणतो ते ती सगळं सोसते म्हणून. सोसणं आणि सोडणं यात फरक आहे. सोसणाऱ्याच्या हातात वही राहते. सोडणारा ती फाडतो.

किती मोठी वही, तेही बायबलात आहे. मत्तय १८ मधला तो चाकर, ज्याला राजाने दहा हजार टॅलंट सोडले. एक टॅलंट म्हणजे साधारण सहा हजार दीनार, आणि दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची रोजी. हिशेब केला तर सहा कोटी दिवसांची मजुरी होते, दीड लाखाहून जास्त वर्षांची. तोच चाकर बाहेर येऊन शंभर दीनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरतो. ‘अपराध’ घेऊन ही गोष्ट सांगून पाहा, तिचा दमच निघून जातो. तिला कर्जच लागतं.

खूश झालात ना? आता सुनेची बाजू. ‘अपराध’ आपल्याला पोलीस ठाण्यातला वाटतो, पण त्याचं मूळ पाहा. ‘राध्’ म्हणजे साधणे, ‘अप’ म्हणजे हुकून. अमरकोशात नेम चुकलेल्या तिरंदाजाला ‘अपराद्धपृषत्क’ असं नाव आहे, ज्याचा बाण लक्ष्यावरून घसरला तो. आणि लूकने पापासाठी जो ग्रीक शब्द वापरला, ‘हमार्तिया’, त्याचाही मूळ अर्थ नेम चुकणे हाच. कोणा भाषांतरकाराने हे ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. पण वसईच्या पोरीच्या तोंडी लूकचा बाण बसला आहे खरा. शिवाय काही गोष्टी कर्जात मावत नाहीत. कोणाला जिव्हारी लागेल असं बोललो, त्याची रक्कम काय लिहिणार?

इंग्रजीतही हेच रडगाणं आहे. बायबल इंग्रजीत आणणाऱ्या टिंडेलने १५२६ मध्ये अतिक्रमणाचा शब्द घातला, १६११ च्या किंग जेम्स बायबलात कर्जाचा आला. अँग्लिकन आणि कॅथलिक आजही अतिक्रमणवाले, स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन कर्जवाले. आपल्या नागपुरात १८४५ मध्ये आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप स्कॉटिशच, म्हणजे तुमच्या पंगतीचे. आणि तुमचं सी.एन.आय. जिथे जन्मलं ते ठिकाण तुमच्या घरापासून चालत जाण्यासारखं आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा मंडळ्या एक झाल्या. त्यात अँग्लिकनही होते आणि प्रेस्बिटेरियनही. सहा मंडळ्यांना जमलं ते दोन बायकांना जमू नये?

आता एक जुनी गोष्ट, मला फार आवडते. जेरोम नावाचा विद्वान बेथलेहेमात बसून जुना करार थेट हिब्रूवरून लॅटिनमध्ये आणत होता. योनाच्या पुस्तकात देव योनाच्या डोक्यावर सावलीसाठी एक झाड उगवतो. लोक पिढ्यानपिढ्या तिथे ‘भोपळा’ ऐकत आले होते. जेरोमने ‘आयव्ही’ची वेल केली. आफ्रिकेतल्या ओया गावी, म्हणजे आजच्या लिबियातल्या त्रिपोलीत, बिशपने ते नवं भाषांतर वाचलं आणि चर्चमध्ये एकच गदारोळ झाला. गावातल्या यहुद्यांना विचारलं, त्यांनी जुन्या शब्दाच्या बाजूने कौल दिला. बिशपवर चर्च रिकामं होण्याची पाळी आली, शेवटी त्याला शब्द मागे घ्यावा लागला. आफ्रिकेतल्याच दुसऱ्या एका बिशपने, ऑगस्टिनने, ४०३ मध्ये जेरोमला पत्र लिहून हे कळवलं, आणि जेरोमने पुढच्या वर्षी चिडून उत्तर पाठवलं. गंमत म्हणजे ते हिब्रू झाड भोपळाही नसावं आणि आयव्हीही. बरेच अभ्यासक म्हणतात, तो एरंड. सोळाशे वर्षं चाललेलं हे खरोखरच एरंडाचं गुऱ्हाळ.

ओयाच्या लोकांना वनस्पतिशास्त्राशी काय देणंघेणं होतं? आजीच्या मांडीवर ऐकलेला शब्द कोणीतरी वरून येऊन बदलला, हे त्यांना सहन झालं नाही. म्हणून तुमचा ताजा कलम मी तीनदा वाचला. काटोलकडे कपाशी करणारे वडील ‘आमची ऋणे’पाशी थांबायचे. का थांबायचे ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मी विचारणार नाही. कपाशीवाल्या घरात या शब्दापाशी माणूस का थांबतो, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. तुम्ही जो शब्द मोठ्याने म्हणता तो वडिलांचा आहे. सुनेला हे माहीत आहे का? पत्रावरून तरी वाटतं, नाही. तिला फक्त सासूचा चढलेला आवाज ऐकू येतो.

मुलाकडे वळू. त्याचं बोलणं उडवून लावू नका, कारण अर्धं खरं आहे. भाषांतराने अर्थ हलतो, आणि कधी कधी जग हलतं. येशूच्या हाकेतला ग्रीक शब्द ‘मेतानोइया’, म्हणजे मन पालटणं. लॅटिन बायबलात तो असा आला की ऐकणाऱ्याला ‘प्रायश्चित्त करा’ असं ऐकू यावं. पुढे प्रायश्चित्ताच्या नावाखाली पैसे घेऊन क्षमापत्रं विकली जायला लागली. १५१६ मध्ये इरॅस्मस नावाच्या विद्वानाने ग्रीक नवा करार छापला, आणि १५१७ मध्ये ल्यूथरने त्या क्षमापत्रांविरुद्ध मांडलेल्या ९५ मुद्द्यांपैकी पहिलाच मुद्दा या एका शब्दावर होता. पुढचा इतिहास तुम्हाला माहीत आहे, तुम्ही प्रोटेस्टंट आहात त्यात त्याचा हात आहे. आपण मराठीत ‘पश्चात्ताप’ म्हणतो. पश्चात् ताप, म्हणजे मागाहून पोळणं. मेतानोइयात पोळण्यापेक्षा वळणं जास्त आहे, आणि जुन्या करारातल्या संदेष्ट्यांचा हिब्रू शब्द तर सरळ ‘परत फिरा’ असाच आहे. नुसतं पोळत बसलेला माणूस जागचा हलत नाही. ‘पश्चात्ताप’ ऐकून वाढलेल्या आपल्या लोकांत रडण्याला जरा जास्तच मान आहे, असं माझं मत. तुम्हाला पटलं नाही तर सोडून द्या.

पण ‘मूळ हरवलं’ हे मुलाचं म्हणणं मला मान्य नाही. मार्क ५:४१ मध्ये याईराच्या मेलेल्या मुलीचा हात धरून येशू म्हणतो, ‘तलीथा कूम.’ आणि मार्क लगेच सांगतो, ‘म्हणजे, मुली, ऊठ.’ येशूचे त्याच्या स्वतःच्या भाषेतले शब्द शुभवर्तमानांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत, बाकी सगळं पहिल्या दिवसापासून भाषांतर. मार्कला त्यात काही उणं वाटलं नाही. त्याला ती मुलगी उठायला हवी होती. तुमचा मुलगा ज्याला नंतरची भेसळ समजतो ती या धर्माची पहिल्यापासूनची रीत आहे. मुलाशी वाद घालू नका, त्याला मत्तय १८ तेवढं वाचायला द्या. आकडे आहेत, त्याला आवडतील.

मोबाइलवरच्या निरोपाचं थोडक्यात. शब्द बदलले का? हो, आणि लपूनछपून नाही. मिशनरी विल्यम केरींनी पंडित वैजनाथांच्या मदतीने केलेला मराठी नवा करार १८११ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरहून छापून आला, तोही मोडी लिपीत. तो आज तुमच्या हातात दिला तर तुम्हाला एक ओळ वाचता येणार नाही. मग मुंबईत नव्याने भाषांतर झालं, त्यात पुढे सुधारणा होत गेल्या. पंडिता रमाबाईंना तर वाटलं की ही संस्कृताळलेली भाषा साध्या बायांपर्यंत पोहोचत नाही. त्या स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, केडगावला बसून सगळं बायबल मराठीत आणलं आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या. १९२४ मध्ये ते त्यांच्याच मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडलं. शब्द बदलणारे असे असतात. तो निरोप पुसून टाका आणि झोपा.

नातवाला काय सांगाल? ‘हो रे, कर्ज काढलंय’ असंच सांगा. मग विचारा, तुझा चेंडू कोणी नेऊन परत दिला नाही असं झालंय का? झालेलंच असेल. तो सोडून देशील का, विचारा. तो ‘नाही’ म्हणेल. त्याला रागावू नका, दहा हजार टॅलंटवालाही तेच म्हणाला. आणि पुढची ओळ आली, ‘आम्हांला परीक्षेत आणू नकोस’, की तो सगळ्यात जोरात म्हणतो की नाही तेही बघा. आमच्या घरातली पोरं तर मार्च महिन्यात ती ओळ दोनदा म्हणायची. मुळातला शब्द कसोटी आणि मोह दोन्हीला चालतो, पण हे स्पष्टीकरण त्याला अजून दहा वर्षं देऊ नका.

पाद्रीसाहेबांकडे जरूर जा, पण ‘कोण बरोबर’ हे विचारायला जाऊ नका. त्यांना एका घरातल्या दोन बायकांमध्ये उभं करणं बरं नव्हे. त्यांना विचारायचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो तुमच्याच पत्रात आहे. ‘नातवाचा बाप्तिस्माही तिकडेच झाला, तेव्हा मी काही बोलले नाही.’ आजी, हे वाक्य तुम्ही शब्दांच्या भांडणात आणून का ठेवलंत? सहा वर्षं होत आली. तुम्ही सोसलंत, सोडलं नाहीत. वही अजून तुमच्याकडे आहे आणि रोज संध्याकाळी त्या ओळीवर तुम्ही तिचं पान उलटता. ही माझी अटकळ आहे. चुकली असेल तर पुढच्या पत्रात खुशाल झाडा.

चुकली नसेल, तर पाद्रीसाहेबांच्या आधी सुनेकडे जा. दुपारी, मुलगा घरी नसताना. वडिलांचं सांगा, काटोलचं सांगा, ते का थांबायचे ते सांगा. मग ‘अपराध’ म्हणताना तिच्या डोळ्यांपुढे कोण येतं ते विचारा. तिच्याही मागे वसईत कोणीतरी आजी असेलच. बाप्तिस्म्याचं त्याच दिवशी काढू नका, ते आपोआप निघेल. प्रार्थना आज म्हणता तशीच म्हणत राहा, तुम्ही ‘ऋणे’, ती ‘अपराध’, फक्त एका पट्टीत. नातवाला दोन्ही पाठ होतील.

आणि संध्याकाळी त्याच्या आधीच्या ओळीला जरा कान द्या. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.’ तिथे तुमचा तिघांचाही सूर जुळत असेल, पत्रात त्या ओळीची तक्रार नाही. या ‘रोजची’च्या जागी ग्रीकमध्ये जो शब्द आहे, ‘एपिऊसिओस’, तो त्याआधीच्या ग्रीक लिखाणात सापडत नाही. तिसऱ्या शतकातल्या ओरिगेन या ख्रिस्ती पंडिताची मातृभाषा ग्रीक, तरी त्यालाही तो शुभवर्तमानकारांनी घडवलेला वाटला. रोजची, उद्याची, गरजेपुरती, असे सगळे अर्थ लावून झालेत. आपल्या त्या भोपळेवाल्या जेरोमने तर एकाच शब्दाचं लूकमध्ये ‘रोजची’ केलं आणि मत्तयात ‘सगळ्या पदार्थांपलीकडची’.

सुनेला हेही सांगा, हसेल ती.